चुंबकीय थराचे सॉ सेन्सर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सॉ सेन्सर चुंबकीय क्षेत्र थेट मोजतो का?

नाही. हे सुरुवातीलाच पक्कं झालेलं बरं, कारण पुढचे निम्मे प्रश्न त्यावरच सुटतात. सॉ म्हणजे सरफेस अकॉस्टिक वेव्ह, घन पदार्थाच्या पृष्ठभागालगत धावणारी ध्वनिलहर. या सेन्सरला दोनच गोष्टी कळतात: लहर किती वेगाने आली आणि वाटेत ती किती क्षीण झाली. वेग ठरतो पृष्ठभागाजवळच्या पदार्थाच्या ताठरपणावर आणि घनतेवर. तिथे योग्य चुंबकीय धातूचा पातळ थर दिला, तर क्षेत्र बदललं की त्या थराचा ताठरपणा बदलतो आणि लहर पलीकडे किंचित लवकर किंवा किंचित उशिरा पोचते. मोजला जातो तो ताठरपणा. क्षेत्राचा आकडा आपण त्यावरून काढतो.

म्हणूनच या विषयात माझं लक्ष सर्वांत आधी थराकडे जातं. चांगलं इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळतं. थर मात्र घडवावा लागतो, आणि सेन्सरची कुवत तिथेच ठरून जाते.

ही लहर तयार कशी होते?

पृष्ठभागावर धावणाऱ्या लहरींचं गणित लॉर्ड रेले यांनी १८८५ मध्ये मांडलं. भूकंपशास्त्राला त्याचा पुढे उपयोग झाला. इलेक्ट्रॉनिक्समध्ये ती लहर यायला १९६५ उजाडलं. त्या वर्षी व्हाइट आणि व्होल्टमर यांनी पिझोइलेक्ट्रिक, म्हणजे वीज दिली की आकार बदलणाऱ्या, स्फटिकावर एकमेकांत गुंतलेल्या कंगव्यांसारखे धातूचे दोन इलेक्ट्रोड बसवून ही लहर थेट विजेने निर्माण करून दाखवली. या रचनेला इंटरडिजिटल ट्रान्सड्यूसर म्हणतात, रोजच्या बोलण्यात आयडीटी.

एका कंगव्याला धन आणि दुसऱ्याला ऋण व्होल्टेज दिलं की मधला स्फटिक, पुष्कळदा क्वार्ट्झ, ताणला किंवा दाबला जातो. व्होल्टेज उलटसुलट होत राहिलं की लहर सुटते. तिची तरंगलांबी दात्यांच्या अंतरावर ठरते. २८ मायक्रोमीटर तरंगलांबी हवी असेल तर साध्या रचनेत प्रत्येक दात ७ मायक्रोमीटर रुंद आणि दोन दातांमधली मोकळी जागाही तेवढीच. चिपच्या दुसऱ्या टोकाला असाच आयडीटी उलटं काम करतो, लहरीचं पुन्हा विजेत रूपांतर करतो. या दोघांमधल्या मोकळ्या वाटेला डिले लाइन म्हणतात, आणि चुंबकीय थर पसरतात तो त्याच वाटेवर.

क्वार्ट्झ तर चुंबकीय नाही. मग चुंबकाचा लहरीशी संबंध येतो कुठे?

सगळा खेळ थरातल्या मॅग्नेटोस्ट्रिक्शनचा आहे. लोखंडाचं चुंबकीकरण केलं की त्याची लांबी किंचित बदलते, हे जेम्स जूल यांनी १८४२ मध्ये दाखवलं. हा बदल फार छोटा असतो. निकेलमध्ये तो दहा लाखात तीस-पस्तीस भाग, तोही आकसण्याच्या बाजूने. याची उलट बाजू एमिलिओ व्हिलारी यांनी १८६५ मध्ये नोंदवली: अशा धातूवर ताण दिला की त्याचं चुंबकीकरण बदलतं.

आता या दोन्ही गोष्टी धावत्या लहरीत एकत्र आणा. लहर थराला क्षणाक्षणाला ताणते आणि दाबते. साध्या, अचुंबकीय धातूत त्या ताणाने अणूंमधली अंतरं थोडी वाढतात, विषय संपला. चुंबकीय थरात मात्र ताणाबरोबर आतल्या चुंबकीकरणाची दिशाही थोडी वळते, आणि ती वळल्यामुळे मॅग्नेटोस्ट्रिक्शनची थोडी जादा लांबी मिळते. तेवढ्याच ताणाला पदार्थ जास्त ताणला गेला, म्हणजे तो जास्त मऊ ठरला. यालाच डेल्टा-ई परिणाम म्हणतात; ई म्हणजे यंगचा गुणांक, ताणाविरुद्धच्या ताठरपणाचं माप.

बाहेरच्या क्षेत्राची भूमिका इथे येते. क्षेत्र खूप तीव्र असेल तर चुंबकीकरण त्याच्या दिशेने जखडलं जातं. लहरीच्या इवल्याशा ताणाने ते हलत नाही, जादा लांबी मिळत नाही, थर ताठ राहतो. क्षेत्र कमी करत आणलं की एका टप्प्यावर चुंबकीकरण सर्वांत मोकळं होतं, तेव्हा थर सर्वांत मऊ असतो. हा टप्पा साधारणपणे थराच्या ॲनिसोट्रॉपी क्षेत्राच्या, म्हणजे चुंबकीकरण त्याच्या आवडत्या दिशेपासून पूर्ण वळवायला लागणाऱ्या क्षेत्राच्या, आसपास येतो. मऊ-ताठ होण्याची ही वक्ररेषा म्हणजे सेन्सरचा पाया.

थर किती जाड असतो? आणि एवढ्याशा थराने फरक पडतो?

बहुतेक वेळा शंभर-दोनशे नॅनोमीटर. लहर साधारण एका तरंगलांबीइतक्या खोलीपर्यंत पसरलेली असते, म्हणजे वरच्या उदाहरणात वीस-तीस मायक्रोमीटर. थर लहरीच्या व्याप्तीच्या शंभराव्या भागाइतका. म्हणून थराचा ताठरपणा बराच बदलला तरी लहरीचा वेग फार तर दहा हजारात काही भाग हलतो.

तरीही तो पकडता येतो, कारण आपण वेग मोजत नाही, फेज मोजतो, म्हणजे लहर तिच्या आवर्तनात कुठे पोचली आहे ते अंशांत. हिशोब करून पाहा. थर लहरीच्या दिशेने ४ मिलिमीटर लांब आणि तरंगलांबी २८ मायक्रोमीटर. थराखाली एका वेळी सुमारे १४३ लहरी मावतात. प्रत्येकीचे ३६० अंश, म्हणजे एकूण ५१,००० अंशांहून जास्त फेज जमा होते. वेग दहा हजारात एका भागाने बदलला तर फेज ५ अंशांनी सरकते. एका अंशाचा हजारावा भाग ओळखणारं इलेक्ट्रॉनिक्स उपलब्ध आहे, त्यामुळे ५ अंश म्हणजे भरपूर झाले.

थर लांब केला की फेज वाढते, पण लहरीची झीजही वाढते. एका मर्यादेपुढे सिग्नल इतका दुबळा होतो की लांबीचा फायदा नॉइज, म्हणजे सिग्नलमधली नको असलेली खरखर, खाऊन टाकतो.

रेलेची लहर चांगली की लव्हची?

संवेदनशीलता हवी असेल तर लव्हची, असं माझं मत आहे. रेलेच्या लहरीत पृष्ठभागाचे कण वर-खाली आणि मागे-पुढे फिरतात. लव्हची लहर, जिचं गणित ए. ई. एच. लव्ह यांनी १९११ मध्ये दिलं, पृष्ठभागाला समांतर पण प्रवासाच्या दिशेला आडवी हलते. तिच्यासाठी क्वार्ट्झवर सिलिकॉन डायऑक्साइडचा काही मायक्रोमीटर जाडीचा थर देतात. या थरात आडव्या लहरीचा वेग खालच्या क्वार्ट्झपेक्षा कमी असतो, त्यामुळे लहरीची ऊर्जा त्यातच अडकून पृष्ठभागाजवळ गोळा होते. चुंबकीय थर नेमका त्याच्यावर असतो, म्हणून त्याला ऊर्जेचा मोठा वाटा मिळतो.

अशा आडव्या लहरीत यंगच्या गुणांकाऐवजी कातर गुणांक (जी), म्हणजे आडव्या सरकवण्याविरुद्धचा ताठरपणा, महत्त्वाचा ठरतो. काही लेखनात डेल्टा-जी परिणाम असा उल्लेख दिसतो तो यामुळेच. कारण वेगळं नाही.

थर कोणत्या धातूचा घ्यावा? मॅग्नेटोस्ट्रिक्शन जास्त तेवढं चांगलं ना?

इथे बरेच जण फसतात. टर्फेनॉल-डी या टर्बियम, डिस्प्रोसियम आणि लोहाच्या मिश्रधातूत मॅग्नेटोस्ट्रिक्शन दहा लाखात हजार भागांच्या वर जातं. कागदावर हा विजेता वाटतो. पण त्याचं चुंबकीकरण वळवायला मोठं क्षेत्र लागतं, आणि आपल्याला तर छोट्याशा क्षेत्राला वळणारा थर हवा आहे. खरी कसोटी आहे ती क्षेत्राच्या प्रत्येक एककामागे ताठरपणा किती बदलतो याची. मॅग्नेटोस्ट्रिक्शन मध्यम आणि चुंबकीकरण अगदी सहज वळणारं, अशी जोडी इथे बाजी मारते.

म्हणून लोह-कोबाल्ट-सिलिकॉन-बोरॉन आणि कोबाल्ट-लोह-बोरॉन हे अस्फटिकी मिश्रधातू लोकप्रिय आहेत. अस्फटिकी असल्याने त्यांत स्फटिककणांच्या सीमा नसतात, त्यामुळे चुंबकीकरण अडखळत नाही. फ्रान्समधल्या लील इथल्या संशोधकांनी वेगळी वाट धरली: टर्बियम-कोबाल्ट आणि लोह-कोबाल्ट यांचे काही नॅनोमीटरचे थर एकावर एक रचायचे. पहिल्याचं मोठं मॅग्नेटोस्ट्रिक्शन आणि दुसऱ्याचा मऊपणा, दोन्ही पदरात. मला ही कल्पना फार देखणी वाटते.

निकेल सुरुवातीच्या प्रयोगांसाठी ठीक आहे. सहज मिळतं, सहज चढवता येतं आणि त्याच्याबद्दल भरपूर माहिती आहे.

थराला दिशा द्यावी लागते म्हणजे काय?

थर नुसता स्पटरिंगने, म्हणजे निर्वात पात्रात धातूचे अणू उडवून, चढवला तर त्याची सोपी दिशा, म्हणजे ज्या दिशेला चुंबकीकरण आपणहून पडून राहतं ती, कुठेही असू शकते. थरात राहिलेला यांत्रिक ताण, यंत्रातलं भटकं क्षेत्र, थराचा आकार, सगळेच तिला ओढतात. एकाच वेफरवरच्या (स्फटिकाच्या चकतीवरच्या) दोन चिप वेगळं वागताना दिसतात त्याचं कारण पुष्कळदा हेच.

उपाय दोन. थर चढवतानाच ठरावीक दिशेने क्षेत्र ठेवायचं, किंवा चढवून झाल्यावर क्षेत्रातच तापवून हळूहळू थंड करायचं. दुसऱ्याला फील्ड ॲनीलिंग म्हणतात. तापमान इतकंच ठेवायचं की आतला ताण सुटेल पण थर स्फटिकी होणार नाही. स्फटिकी झाला की मऊपणा गेला. मोजायचं क्षेत्र सोप्या दिशेला काटकोनात येईल अशी रचना करतात, कारण तेव्हा चुंबकीकरण झटक्यात उलटत नाही, सावकाश आणि पुन्हा तसंच वळतं.

क्षेत्र शून्य असताना सेन्सर प्रतिसादच देत नाही. बिघडला आहे का?

बिघडलेला नाही. थर मऊ होतो तो क्षेत्र उजवीकडे असो की डावीकडे, सारखाच. म्हणून वेग आणि क्षेत्राचा आलेख शून्याच्या दोन्ही बाजूंना आरशातल्यासारखा सममित येतो, आणि सममित आलेखाचा उतार मध्यावर शून्य असतो. तिथे क्षेत्र थोडं हललं तरी फेज जवळपास जागची हलत नाही. शिवाय दिशा कोणती, हेही कळत नाही.

त्यासाठी बायस लागतो: एक स्थिर क्षेत्र देऊन सेन्सर आलेखाच्या सर्वांत तीव्र उतारावर आणून ठेवायचा. प्रयोगशाळेत ते गुंडाळीने जमतं. उपकरणात गुंडाळी वीज खाते आणि तापते, छोटा कायमचा चुंबक जवळच्या दुसऱ्या सेन्सरला त्रास देतो. सर्वांत नेटका मार्ग एक्स्चेंज बायसचा आहे. चुंबकीय थराला लागून मँगनीज-इरिडियमसारख्या अँटिफेरोमॅग्नेटिक पदार्थाचा पातळ थर देतात; अशा पदार्थात शेजारचे अणू-चुंबक उलटसुलट दिशांना असतात. दोन्हींच्या सीमेवरची पकड चुंबकीय थराला एका बाजूला ओढून धरते, म्हणजे बायस थरातच मुरलेला असतो.

क्षेत्र वाढवत नेताना एक वाचन येतं, कमी करत आणताना दुसरं. का?

हिस्टेरिसिस. थर छोट्या छोट्या डोमेनमध्ये, म्हणजे एकाच दिशेच्या चुंबकीकरणाच्या तुकड्यांत, विभागलेला असतो आणि त्यांच्या भिंती सरकताना कुठे ना कुठे अडकतात. परतीच्या वाटेवर त्या वेगळ्या ठिकाणी अडकतात. दर मोजणीआधी थर एकाच दिशेने संपृक्त करून, म्हणजे सगळं चुंबकीकरण त्या दिशेला वळवून, मगच कामाच्या बिंदूवर आणला तर वाचनं जुळतात. एक्स्चेंज बायसने डोमेनच तयार होऊ दिले नाहीत तर आणखी उत्तम.

किती लहान क्षेत्र पकडता येतं?

आधी मापं डोळ्यांसमोर आणू. पृथ्वीचं क्षेत्र जागेप्रमाणे २५ ते ६५ मायक्रोटेस्ला. माणसाच्या हृदयाचं छातीबाहेर काही दहा पिकोटेस्ला, म्हणजे जवळपास दहा लाख पटींनी लहान. मेंदूचं त्याहूनही सुमारे हजार पटींनी कमी.

जर्मनीतल्या कील विद्यापीठाच्या गटाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लव्ह लहरीच्या सेन्सरमध्ये १० हर्ट्झला सुमारे २५० पिकोटेस्ला प्रति रूट हर्ट्झ इतकी पातळी गाठली होती; या एककात नॉइज मोजतात, आकडा जितका लहान तितका सेन्सर चांगला. थर लोह-कोबाल्ट-सिलिकॉन-बोरॉनचा, चिप क्वार्ट्झची, कामाची वारंवारता १५० मेगाहर्ट्झच्या जवळपास. पुढे एक्स्चेंज बायस आणि थरावरच्या चांगल्या ताब्यामुळे हा आकडा आणखी खाली आला. हृदयाच्या सिग्नलच्या दिशेने ही मोठी मजल आहे. मेंदूच्या सिग्नलसाठी मात्र आज स्क्विड (अतिवाहकावर चालणारा) किंवा ऑप्टिकली पंप्ड (लेझर आणि अणूंच्या वाफेवर चालणारा) मॅग्नेटोमीटरच हवेत.

मर्यादा आणतो तो नॉइज कुठला? ॲम्प्लिफायरचा?

थोडा त्याचाही, पण कमी वारंवारतेला मुख्य दोषी पुष्कळदा थरच असतो. लहरीच्या ताणाने डोमेनच्या भिंती थरथरतात, अधूनमधून एखादी भिंत अडकलेल्या जागेवरून सुटते आणि फेज किंचित उडी मारते. अशा असंख्य उड्यांचा मिळून जो नॉइज होतो तो वारंवारता कमी होईल तसा वाढत जातो.

ओळखायची एक चांगली खूण आहे. थर तीव्र क्षेत्राने संपृक्त करा. डोमेन नाहीसे होतात, संवेदनशीलता जाते, आणि त्याबरोबर नॉइजही खाली आला तर तो चुंबकीय होता. नाही आला तर इलेक्ट्रॉनिक्स तपासा. एक मोह टाळा: सिग्नल वाढावा म्हणून चिपला दिलेली रेडिओ वारंवारतेची शक्ती वाढवत नेणं. एका मर्यादेनंतर लहर स्वतःच डोमेन हलवायला लागते आणि नॉइज उलट वाढतो.

तापमानाचं काय?

हा या सेन्सरचा सर्वांत हट्टी प्रश्न. लिथियम नायोबेट या दुसऱ्या पिझोइलेक्ट्रिक स्फटिकाच्या १२८ अंशांच्या कापावर (स्फटिक कोणत्या कोनात कापला ते) वारंवारता दर अंश सेल्सियसमागे दहा लाखात सुमारे ७५ भाग सरकते. वर पाहिलेला चुंबकीय बदल दहा लाखात शंभरच्या आसपास होता, म्हणजे दीड अंशाचा फरक त्याला गिळून टाकेल. एसटी नावाच्या कापाच्या क्वार्ट्झवर रेलेची लहर खोलीच्या तापमानाजवळ जवळपास स्थिर असते. पण लव्ह लहरीसाठी त्याच क्वार्ट्झवर प्रवासाची दिशा ९० अंशांनी फिरवावी लागते, आणि ती सोय तिथे मिळत नाही.

मार्ग दोन. एक म्हणजे शेजारी दुसरी डिले लाइन ठेवायची जिच्यावर क्षेत्राचा परिणाम होत नाही, आणि दोन्हींचा फरक घ्यायचा. दुसरा म्हणजे थरांची जाडी अशी निवडायची की तापमानाचे परिणाम एकमेकांना खोडतील. क्वार्ट्झच्या या दिशेत वारंवारता तापमानाबरोबर वाढते, झिंक ऑक्साइड आणि कोबाल्ट-लोह-बोरॉनमुळे कमी होते. फ्रान्समधल्या नान्सी इथल्या गटाने नेमकी हीच बेरीज-वजाबाकी वापरून स्थिर सेन्सर केले आहेत.

बॅटरीशिवाय, तारेशिवाय चालतो हे खरं आहे का?

हो, आणि सॉ तंत्राकडे वळण्याचं माझ्या मते हे सर्वांत सबळ कारण आहे. आयडीटीला अँटेना जोडली की वाचक यंत्राने पाठवलेला रेडिओ स्पंद चिपवर ध्वनिलहर होतो, परावर्तकांवर आपटून परत येतो आणि पुन्हा रेडिओ स्पंद होऊन बाहेर पडतो. चिपवर ट्रान्झिस्टर नाही, वीजपुरवठा नाही. ध्वनिलहर रेडिओ लहरीपेक्षा सुमारे लाखपट सावकाश चालते, त्यामुळे अवघ्या ४ मिलिमीटरला तिला एक मायक्रोसेकंद लागतो. तेवढ्या वेळात रेडिओ लहर ३०० मीटर गेलेली असते. परावर्तक थोडे दूर ठेवले तर आजूबाजूच्या भिंतींवरून आलेले प्रतिध्वनी आधीच विरून जातात आणि चिपचं उत्तर निवांतपणे ऐकू येतं. फिरते दांडे, बंद पात्रं, उच्च व्होल्टेजची जागा, अशा ठिकाणी याला तोड नाही.

एका तारेतला विद्युतप्रवाह मोजता येईल?

सहज. लांब सरळ तारेतून १ अँपिअर वाहत असेल तर १ सेंटिमीटरवर २० मायक्रोटेस्ला क्षेत्र असतं. मात्र ते जवळपास पृथ्वीच्या क्षेत्राइतकंच आहे, म्हणून तारेच्या दोन बाजूंना दोन सेन्सर लावून फरक घ्या.

गिगाहर्ट्झमध्ये गेलं तर संवेदनशीलता वाढेल का?

वाढू शकते, पण तिथे भौतिकशास्त्रच बदलतं. लहरीची वारंवारता थराच्या फेरोमॅग्नेटिक अनुनादाशी, म्हणजे चुंबकीकरणाच्या डोलण्याच्या स्वतःच्या वारंवारतेशी, जुळली की चुंबकीकरण तिच्याबरोबर जोरात डोलायला लागतं आणि ऊर्जा शोषून घेतं. लिथियम नायोबेटवरच्या निकेल थरात हे २०११ मध्ये स्पष्टपणे दाखवलं गेलं. फेज सरकण्याऐवजी मुख्यतः झीज वाढताना दिसते. शिवाय डावीकडून उजवीकडे जाणारी लहर आणि उलट येणारी लहर वेगवेगळी झिजू शकते. एकदिश उपकरणं करणाऱ्यांसाठी ही खाण आहे, सेन्सरसाठी मात्र दात्यांची बारीक घडण आणि वाढती झीज हिशोबात धरावी लागते.

हॉल सेन्सर, म्हणजे चुंबकीय क्षेत्र ओळखणारी साधी अर्धवाहक चिप, स्वस्त आणि छोटा आहे. मग हा खटाटोप कशाला?

दरवाजा उघडा की बंद एवढंच पाहायचं असेल तर हॉल सेन्सरच लावा. सॉचा विचार तेव्हा करा जेव्हा बॅटरी किंवा तार नेता येत नाही, किंवा स्थिर क्षेत्रापासून काही दहा किलोहर्ट्झपर्यंतचा पट्टा एकाच सेन्सरने आणि खोलीच्या तापमानालाच हवा असतो. यांत्रिक अनुनादावर चालणारे मॅग्नेटोइलेक्ट्रिक सेन्सर अनुनादाजवळ अप्रतिम असतात, पण फक्त तिथेच.

पहिल्यांदा चिप हातात आली. मोजणी कुठून सुरू करू?

नेटवर्क ॲनालायझरवर (वेगवेगळ्या वारंवारतांना चिपचा प्रतिसाद मोजणारं यंत्र) फेज आणि इन्सर्शन लॉस (चिपमधून जाताना सिग्नलची होणारी घट) दोन्ही नोंदवत क्षेत्र एका टोकाच्या संपृक्ततेपासून दुसऱ्या टोकापर्यंत न्या आणि परत आणा. नुसती फेज पाहू नका. जिथे उतार सर्वांत तीव्र असतो तिथेच झीज वाढलेली असू शकते, आणि तो बिंदू कामाचा ठरत नाही. मग बायस निवडा, हेल्महोल्ट्झ गुंडाळीने (मधोमध एकसारखं क्षेत्र देणारी गुंडाळ्यांची जोडी) ओळखीचं छोटं प्रत्यावर्ती क्षेत्र द्या आणि संवेदनशीलता काढा. नॉइज वेगळा मोजा. नॉइजला संवेदनशीलतेने भागलं की आली तुमची मर्यादा.

याआधी मांडणीतला प्रत्येक धातूचा भाग तपासून घ्या. सोन्याच्या मुलाम्याच्या पुष्कळ कनेक्टरांत सोन्याखाली निकेलचा थर असतो, आणि सॉ चिपसाठी सर्रास वापरलं जाणारं कोव्हार धातूचं आवरण स्वतःच चुंबकीय असतं, कारण कोव्हार म्हणजे लोह, निकेल आणि कोबाल्ट. पोलादी स्क्रूंचं तर विचारूच नका. दोऱ्याला छोटा, जोरदार चुंबक बांधून प्रत्येक भागाजवळ न्या. तो ओढला गेला तर पितळ, ॲल्युमिनियम किंवा प्लास्टिकचा पर्याय शोधा. मात्र ही तपासणी चिप बसवण्याआधी करा, नाहीतर तो चुंबक थराचीच अवस्था बदलून टाकेल.